नव्वद मिनिटांचं गिऱ्हाईक

वायपरखाली पिवळी प्लास्टिकची पिशवी अडकवलेली दिसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत कागद. गाडी आली चार वाजून तेरा मिनिटांनी, तपासली सहा वाजून दोन मिनिटांनी. ग्राहकांसाठी कमाल मुदत नव्वद मिनिटं. दंड पंच्याण्णव डॉलर. खाली बारीक अक्षरांत, आपला दिवस आनंदात जावो.

मी इथे कॅनडात, मिल्टनमध्ये बारा वर्षं स्कूलबस चालवते. चाळीस फुटांची गाडी, बर्फ, मागे बोंबलणारी पोरं, आणि नव्या वसाहतींतल्या त्या हातभर रुंदीच्या गल्ल्या. आजपर्यंत माझ्या नावावर दंडाची साधी चिठ्ठी नाही. आणि हे मला पार्किंग शिकवणार! मुडदा बशिवला त्यांचा.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? मी गिऱ्हाईक होते. पूर्ण वेळ दुकानातच होते. मागच्या खोलीत, भाजणीच्या पोत्यावर बसलेली, आणि दुकानाच्या मालकाची बायको माझा हात धरून रडत होती. पण हे मला कुणाला सांगता येणार नव्हतं.

दुकान म्हणजे घडवंची फूड्स. भाजणी, मेतकूट, कुरडया, चैत्रात कैऱ्या, आपलं सगळं मिळतं. मालक बळवंतराव. आमच्या मंडळात गणपतीला सगळ्यात पुढे, भाषणाला त्याहून पुढे. बायको अक्षता, बत्तीस वर्षांची, चार वर्षांपूर्वी बार्शीहून लग्न होऊन आली. तेव्हापासून ती गल्ल्यावर उभी आहे. गल्ल्यावर कॅमेरा, फ्रीजवर कॅमेरा, दारावर कॅमेरा, आणि हे गृहस्थ जातील तिथून फोनवर बघत असतात. फक्त मागच्या खोलीत कॅमेरा नाही, कारण तिथे भाजणी भरतात, पीठ उडतं आणि कॅमेरा बंद पडतो.

गुरुवारी दुपारी ते मिसिसागाला होलसेलवाल्याकडे जातात, साडेसहाशिवाय परतत नाहीत. त्या गुरुवारी मी बसची फेरी संपवून दुकानात गेले, भाजणीची दोन पाकिटं घेतली, चार बत्तीसला बिल झालं. दहा-पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोललो. मग पिशवी उचलून मी म्हटलं, "चल गं, जाते."

"जाते नाही ताई. येते म्हणा," अक्षता म्हणाली.

"बरं बाई, येते. माझी आई शोभतेस."

एवढ्यावर तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. रडू आलं होतं आणि डोक्यावर कॅमेरा होता. तिने खाली बघत मोठ्याने म्हटलं, "ताई, थांबा, ताजी भाजणी मागे आहे. दाखवते."

मागच्या खोलीत तिने स्वेटरची बाही वर केली. मनगटावर चार बोटं उमटलेली. काळीनिळी. मी तिला जवळ घेतली. मध्येच दारावरची घंटा वाजायची, की ती डोळे पुसून बाहेर जायची, गिऱ्हाईक करायची, परत यायची आणि राहिलेलं वाक्य पूर्ण करायची. असा सव्वा तास गेला. पगार नाही. फोन रोज तपासतो. पासपोर्ट आणि इथे कायम राहायच्या परवान्याचं पीआर कार्ड लोखंडी कपाटात, किल्ली त्याच्याकडे. काही बोललं की, तुला मी स्पॉन्सर केलंय, परत पाठवीन.

"अगं, पीआर आहे तुझं! त्याच्या बापाला नाही परत पाठवता येत," मी म्हटलं.

"माहीत आहे आता. रुचाने सांगितलं."

रुचा तिची मावसबहीण, हॅमिल्टनला हॉस्पिटलमध्ये नोकरीला. तिला एक तारखेपासून स्वतःचं अपार्टमेंट मिळणार होतं. म्हणजे येता गुरुवार सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारी निघायचं. मी गाडी घेऊन यायचं, चार वीसला.

तेवढं ठरलं तसं अक्षताने भाजणीचं एक सीलबंद पाकीट माझ्या पिशवीत टाकलं. "हे फोडू नका ताई. यात माझा पासपोर्ट आणि कार्ड आहे. सकाळी ते वर आंघोळीला गेले, फोन बाहेर राहिला, तेव्हा किल्ली घेऊन खाली दुकानात आले, काढलं आणि भाजणीसोबत सील केलं." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "कोणाला सांगू नका. भाऊजींनाही नाही. आमच्या ह्यांनी कपाट उघडून बघितलं तर मी संपले."

माझा नवरा जयदीप दर रविवारी बळवंतरावांबरोबर बॅडमिंटन खेळतो. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी शब्द दिला.

आणि बाहेर आले तर ती पिवळी पिशवी.

घरी जयदीप केंब्रिजच्या कार प्लांटमधून शिफ्ट संपवून नुकताच आला होता. कागद वाचून म्हणाला, "भरून टाक ना."

"का म्हणून? मी गिऱ्हाईक होते!"

"दोन तास? भाजणीला?"

सलोनीने फोनमधून मान वर न करता म्हटलं, "मॉम, जस्ट पे इट. इट्स नॉट दॅट डीप."

सोळा वर्षांची पोरगी मला डीप काय नि उथळ काय ते शिकवते. आणि जयदीप तोवर किचनमध्ये जाऊन विचारतोय, "थालीपीठ लावू का? भाजणी आणलीस ना?" मी धावत जाऊन त्याच्या हातातलं पाकीट हिसकावलं. "ते नाही! ते उपासाचं आहे." भाजणीचं सीलबंद पाकीट मी भांड्यांच्या कपाटात, कुकरच्या मागे सारलं.

शांत बसले असते तर सगळं निभावलं असतं. पण मी शांत बसणारी असते तर काय हवं होतं! शनिवारी लॅपटॉप उघडला आणि दंड लावणाऱ्या त्या पार्किंग कंपनीच्या वेबसाइटवर अपील ठोकलं. बिलाचा फोटो जोडला. 'आपले म्हणणे मांडा' अशी एक चौकोनी जागा होती, त्यात इंग्रजीत असं काही मांडलं की विचारू नका.

लिहिलं, की मी पावणेपाचला निरोप घेतला. परंतु आमच्या लोकांत निरोप घेणं म्हणजे दारातून बाहेर पडणं नव्हे. आम्ही 'येते' म्हणतो, मग बोलणं सुरू होतं. मी खऱ्या अर्थाने सहा वाजता निघाले आणि तोवर दुकानाच्या आतच होते. तुम्हाला निरोपही नव्वद मिनिटांत बसवायचा असेल, तर बोर्डावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा.

नाव कुणाचं घेतलं नाही. मागच्या खोलीचा उल्लेख नाही. दोनदा वाचून खात्री केली. सलोनीलाही वाचून दाखवलं. ती हसून म्हणाली, "दॅट्स सॅव्हेज, मॉम." मला वाटलं, वा.

मधला गुरुवार गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पहाटे यार्डात बसचा सर्कल चेक करत होते. टायर, दिवे, स्टॉपची पाटी, मागचं इमर्जन्सी दार. फोन वाजला म्हणून हातमोजा काढला. कंपनीची मेल. आपले अपील मिळाले. आपण सदर वेळात ग्राहक होता याची खातरजमा करण्यासाठी आपले निवेदन दुकानाच्या मालकांकडे पाठवण्यात आले आहे.

मी बसच्या पायरीवर बसकण मारली.

त्या कंपनीतल्या कोणाला माझ्या पत्रातलं अक्षर कळलं नसेल. पण बळवंतरावांना कळणार होतं. पावणेपाच ते सहा निरोप. निरोपाला माणसं दोन लागतात. वार गुरुवार, ते स्वतः मिसिसागात, आणि दुकानात एकटी अक्षता. कुणाचं नाव न घेता मी तिला त्याच्या हातात दिलं होतं. चित्रा, म्हटलं, तुझ्या जिभेला काय हाड आहे का? आणि आता तर हातालाही नाही.

सकाळची फेरी संपल्या संपल्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकलं, मग एक पोरगी आली.

"मला अपील मागे घ्यायचंय."

"सॉरी मॅम, दाखल झालेलं अपील मागे घेता येत नाही."

"अगं बाई, मी पैसे भरते! आत्ता भरते!"

"अपील चालू असताना पैसे स्वीकारता येत नाहीत, मॅम. आणखी काही मदत करू का?"

आणखी काय मदत करणार तू, कपाळ माझं!

त्याच संध्याकाळी बळवंतरावांचा फोन. साखर पेरलेला आवाज. "चित्रावहिनी, निबंध वाचला तुमचा. उद्या चक्कर मारा दुकानात. फॉर्मवर मी सही केली की झालं तुमचं काम. फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत." जायचं नाही म्हटलं असतं तर त्या दोन गोष्टी त्याने घरात तिला विचारल्या असत्या. गुरुवारला एकच दिवस राहिला होता.

बुधवारी गेले. गल्ल्यामागे उंच स्टुलावर ते बसलेले, समोर माझं पत्र छापून ठेवलेलं. अक्षता शेजारी कढीपत्त्याच्या जुड्या बांधत होती. आमच्या मंडळातल्या प्रमिलाकाकू वांगी निवडत होत्या, म्हणजे हातात वांगं आणि कान इकडे. बळवंतरावांनी पत्र मोठ्याने वाचलं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून माझ्याकडे बघत.

"वा. आमच्या लोकांत निरोप असा असतो. मला आवडलं. पण वहिनी, सव्वा तास निरोप घेत होता तो कोणाचा? मी तर नव्हतो."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन पुढे केला. कॅमेऱ्यातलं चित्र. "हे बघा. पावणेपाचला तुम्ही मागे जाता. मग अक्षता येतेय, जातेय, गिऱ्हाईक करतेय. परत मागे जातेय. सारखी मागे जातेय. तुम्ही काही बाहेर आलेल्या दिसत नाही थेट सहापर्यंत. काय होतं मागे?"

"भाजणी बघत होते."

"सव्वा तास?" आणि मग त्यांनी मान वळवली. आवाज तोच, गोड. "तू सांग गं. काय चाललं होतं दोघींचं?"

अक्षताच्या हातातला दोरा थांबला. तिने वर बघितलं नाही. तिचं मनगट बाहीखाली होतं, पण मला त्यावरची चार बोटं दिसतच होती. आता ही रडणार, मला वाटलं, आणि सगळं संपणार.

"तिला काय विचारता?" मी ओरडलेच. "मी नव्हतेच दुकानात!"

"म्हणजे?"

"म्हणजे मागच्या दाराने बाहेर पडले. समोरच्या प्लाझात गेले. पार्लरमध्ये. फेशियल करायला." जे तोंडाला येईल ते बोलत होते. "तिकडे पार्किंग मिळत नाही. तुमच्याकडे लावली गाडी, दोन पाकिटं घेतली दाखवायला, आणि गेले. सहाला मागच्याच दाराने आले आणि पिशवी उचलून निघाले. पत्रात लिहिलंय ते खोटं आहे."

बळवंतरावांनी माझा चेहरा निरखून बघितला. "फेशियल? दिसत नाही हो वहिनी."

प्रमिलाकाकू फिस्सकन हसल्या. मी दात आवळून उभी राहिले. बारा वर्षांत एक चिठ्ठी नाही माझ्या नावावर, आणि मी तिथे उभी राहून सांगत होते की मी फुकटी आहे, खोटारडी आहे. अंगाची लाही लाही होत होती. एका थोबाडीत त्या माणसाला स्टुलावरून खाली पाडावं असं वाटत होतं. पाडला नाही.

आणि माणूस खूश झाला! चेहराच फुलला त्याचा. "मी काय म्हणत होतो? मी ती पार्किंगवाली कंपनी आणली तेव्हा मंडळात सगळे बोंबलले. आपली माणसं आहेत, आपल्याच माणसांना दंड? अहो, आपलीच माणसं गाडी इथे लावतात आणि पैसे समोर घालतात. घ्या, पुरावा!" दोघी मागे काय करत होत्या, हे तो विसरूनच गेला. त्याचं म्हणणं बरोबर ठरलं होतं, त्याला तेवढं पुरे होतं.

फॉर्मवर प्रश्न होता, सदर व्यक्ती त्या वेळात ग्राहक होती का? 'नाही'वर खूण त्यांनी माझ्याच हाताने करवली. खाली माझ्या अक्षरात लिहून घेतलं की अपिलात मी खोटं सांगितलं.

"आणि माफी?"

"माफ करा," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं काकूंना."

"माफ करा बळवंतराव. चुकले माझं."

त्यांनी कागदाची घडी केली. "हा जपून ठेवतो. कपाटात." आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढत ते उठले. लोखंडी कपाट गल्ल्याच्या मागेच, चार पावलांवर. पासपोर्ट माझ्या कुकरच्या मागे होता.

"अहो," अक्षता म्हणाली. "कपाटात ठेवून काय उपयोग? ग्रुपवर टाका ना फोटो. मंडळात सगळ्यांना कळू दे कोण कसं आहे ते."

बळवंतराव थांबले. बायकोकडे कौतुकाने बघितलं. किल्ल्या परत खिशात गेल्या आणि फोन बाहेर आला. कागद गल्ल्यावर सरळ करून त्यांनी फोटो काढला, मग दुसरा काढला, पहिल्यात सावली पडली म्हणून.

अक्षता माझ्याकडे वळली. डोळ्यांत काही नाही, नुसता थंडपणा. ताई नाही म्हणाली. "पुढच्या वेळी गाडी समोरच लावा, वहिनी. इथे नका आणू."

कानफटात बसली मला. गाडीत येऊन बसले, दार आपटलं. एवढं केलं मी हिच्यासाठी आणि ही? किल्ली फिरवता फिरवता माझ्या डोक्यात उजेड पडला. किल्ल्या परत खिशात कोणी घालायला लावल्या त्याला? आणि पुढची वेळ म्हणजे उद्याच. माझी गाडी आता या लॉटमध्ये दिसली तर त्याला लगेच कळणार. समोर लावा, हे ती मला सांगत होती. बाई गं, म्हटलं, तू माझ्यापेक्षा शहाणी.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर एकोणचाळीस मेसेज. हसणारी तोंडं, हात जोडणारी तोंडं, कुणी लिहिलेलं की फेशियलचा पत्ता द्या. जयदीप सोफ्यावर फोन धरून बसला होता. "फेशियल? आणि मला सांगितलंस गिऱ्हाईक होते म्हणून? तोंडावर खोटं?"

"हो."

"अगं पण का?"

"नाही सांगणार."

सलोनी जिन्यावर उभी होती. "मॉम, यू लाइड? यू मेड मी लिसन टु दॅट होल थिंग, अँड यू लाइड?"

मंडळ गेलं खड्ड्यात. जयदीपचं मी बघून घेतलं असतं. पण पोरीचा तो चेहरा माझ्या फार जिव्हारी लागला. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि घासलेली भांडी परत घासली.

गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी समोरच्या प्लाझात गाडी लावली, बरोबर त्या पार्लरच्या दारात. इंजिन चालू. सीटखाली भाजणीचं पाकीट. चार वीस झाले. चार पंचवीस. दुकानाच्या मागच्या बाजूने कोणी येईना. साडेचार झाले तशी मी गाडी बंद केली आणि वितळलेल्या बर्फाच्या चिखलातून रस्ता ओलांडला. कॅमेऱ्यात दिसले तर दिसले, म्हटलं.

अक्षता गल्ल्यावर उभी होती. अंगात कोट, पायात बूट, खाली एक लहान बॅग. दोन्ही हात गल्ल्यावर दाबून धरलेले.

"ताई, पाय उचलत नाहीये."

"उचलेल. चल."

"चार वर्षांत मी दुकान एकदाही उघडं टाकून गेले नाही."

"मग बंद करून चल! कुलूप लाव, पाटी फिरव, काय करायचं ते कर, पण चल. तुझ्यासाठी आख्ख्या मिल्टनमध्ये मी फुकटी ठरलेय. फुकट नाही ठरायचं मला."

ती हसली. रडत होती आणि हसली. मग तिने भराभर हात हलवले. स्वतःचा फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. दुकानाची किल्ली त्याच्या शेजारी. फ्रीजचं दार नीट लागलंय ना ते बघितलं, सवयच ती. दाराची पाटी 'बंद'वर फिरवली. मी बॅग उचलून दार उघडं धरलं, बाहेरचा गार वारा आत आला.

उंबऱ्यावर ती थांबली आणि मागे वळली. कॅमेऱ्याचा लाल ठिपका जळत होता. चार वर्षं ज्याच्यासमोर ती खाली बघून बोलत आली, त्याच्याकडे मान वर करून तिने सरळ बघितलं. मला 'जाते' नको, 'येते' म्हणा, असं हीच सांगत होती, ते आठवलं.

"जाते मी," अक्षता म्हणाली. मोठ्याने, एक-एक अक्षर सुटं करून. आणि दार ओढून घेतलं.